लघाट्यांच्या दाराचा भोंगा

सुहास लघाटेला कुणी सहज "काय, कसे आहात?" असं विचारलं तरी पाच मिनिटांत गाडी रिलेवर यायची. रेल्वेच्या सिग्नल खात्यात अडतीस वर्षं काढलेला माणूस तो, त्याला दुसरं सुचणार तरी काय! माधव नगरातल्या लोकांनी मग हळूहळू "कसे आहात" विचारणंच सोडून दिलं. लांबूनच हात हलवायचे आणि गाडीला किक मारायचे. हे सुहासला कळत नव्हतं असं नाही. "आमच्यासारखं पकवायला सुद्धा ट्रेनिंग लागतं," तो स्वतःच सांगायचा, "सरकारनं खर्च करून दिलंय आम्हाला." आणि मग ट्रेनिंगबद्दल सांगायला लागायचा.

तर असा हा सुहास. घरात तो, बायको जयू, आणि तीन वर्षांपासून त्याचा थोरला भाऊ मधुकर, म्हणजे दादा. दादा त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा. सदतीस वर्षं स्टेशन मास्तर होता. वहिनी गेल्या, मुलगा हर्षल बंगलोरला, म्हणून दादा इकडे आला. पहिली दोन वर्षं मजेत गेली. मग दादा विसरायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग जयूचं नाव. डॉक्टर म्हणाले, आता हे असंच वाढत जाणार.

पण एक गोष्ट दादा काही केल्या विसरत नव्हता, ती म्हणजे आठची ड्युटी. रोज सकाळी साडेसात वाजले की त्याचे पाय दाराकडे वळायचे. एकदा नजर चुकवून गेला तो थेट देवास गेटच्या बसस्टँडवर सापडला. आगरच्या बससमोर हात वर करून उभा! "लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय गाडी सुटणार नाही," असं त्यानं ड्रायव्हरला बजावलं होतं. ड्रायव्हर मोठा सज्जन. "दादाजी, लाइन किलियर है, आप पहले चाय तो पियो," म्हणत त्यानं दादाला बाकावर बसवलं आणि त्याच्याच खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला.

हर्षल विमानानं धावत आला. त्यानं सरळ बाहेरून कुलूप लावायचं ठरवलं. त्याचंही चुकलं म्हणता येत नाही, बापाची काळजी होती त्याला. सुहास तेव्हा फ्रीगंजला शेव आणायला गेला होता. परत आला तर दाराला कुलूप, जयू पायरीवर डोळे पुसत बसलेली, आणि आतून दादा तळव्यांनी दार बडवतोय. "उघडा! अहो, उघडा कुणीतरी! गाडी आउटरला उभी आहे, माणसं खोळंबलीत!" ज्या माणसानं उभ्या जन्मात आवाज चढवला नाही, तो लहान मुलासारखा रडत होता. सुहासनं हर्षलच्या हातातून किल्ली घेतली, दार उघडलं, आणि ते कुलूप समोरच्या नाल्यात भिरकावलं.

"या घरात दादाला कुलूप लागणार नाही," तो म्हणाला.

"ठीक आहे काका," हर्षल म्हणाला. "पण बाबा परत एकदा जरी एकटे बाहेर पडले ना, तर मी त्यांना बंगलोरला घेऊन जाणार. माझा फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे. दार ओढलं की आपोआप बंद होतं, माझ्या बोटाशिवाय उघडत नाही."

"दार उघडलं की आपल्याला कळलं पाहिजे, इतकंच ना?" सुहासनं छाती फुगवली. "अरे, हे तर माझं काम!"

जयूनं छताकडे बघितलं. "हे तर माझं काम" या वाक्यानंतर गीझर, शिलाई मशीन आणि एक चांगला चालणारा मिक्सर कायमचे घरातून गेले होते. पण तिनं सामानासाठी पैसे काढून दिले. दादाचा प्रश्न होता.

फ्रीगंजच्या दुकानात सुहासनं रिले, भोंगा आणि दाराला लावायचा चुंबकाचा स्विच मागितला. काउंटरवरचा तरुण म्हणाला, "बाबूजी, इतना झंझट क्यों? रेडीमेड आता है, दरवाजा खुलते ही मोबाइल पे मैसेज."

"मैसेज!" सुहास एकदम उखडला. "मैसेज पढ़ेंगे तब तक आदमी नागदा पहुँच जाएगा!" आणि तिथेच, गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभं राहून त्यानं त्या पोराला रिले म्हणजे काय ते समजावलं. रिले म्हणजे विजेवर चालणारं बटण. थोडी वीज दिली की आतली पत्ती टक्कन ओढली जाते आणि मोठी वीज सोडते नाहीतर तोडते. त्या पोरानं सामान भराभर बांधून हातात दिलं. त्यालाही घरी जायचं होतं.

दोन दिवस सुहास वहीत आकृत्या काढत बसला. दार उघडलं की व्हरांड्याचा आणि पॅसेजचा दिवा लागला पाहिजे, लावलं की विझला पाहिजे. हे सोपं, त्याला एक रिले पुरे. भोंग्याचं मात्र तसं नाही. दार उघडल्याबरोबर तो वाजला पाहिजे, आणि दार परत लावलं तरी वाजतच राहिला पाहिजे, नाहीतर दादा दार ओढून घेऊन निघून जाईल आणि भोंगा मूग गिळून बसेल. कुणीतरी येऊन बटण दाबून त्याला गप्प करायचं. त्यासाठी रिलेनं स्वतःच स्वतःला धरून ठेवायला हवं.

इथवर सगळं बरोबर होतं. पण सुहास पडला सिग्नलवाला. त्याच्या खात्यातला पहिला नियम असा, की काहीही बिघडलं, तार तुटो की वीज जावो, सिग्नल लाल झालाच पाहिजे. म्हणून त्यानं रिले उलटा लावला. दार बंद आणि वीज चालू असेल तोवर रिले ओढलेला राहणार, जराही खंड पडला की सुटणार आणि भोंगा वाजणार. भोंग्याला वेगळी बॅटरी. "फुलप्रूफ!" तो जयूला म्हणाला. जयूनं देवापुढे साखर ठेवली.

मंगळवारी मेंटेनन्ससाठी सकाळी नऊ वाजता लाइट गेली. भोंगा वाजला. सुहासनं बटण दाबलं. भोंगा वाजतच राहिला, कारण रिले परत ओढायलाही लाइटच लागते. त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. जयू कानावर हात ठेवून ओरडली, "अहो, लाइट गेलीय हे सगळ्या मोहल्ल्याला कळलंय, तुमच्या भोंग्यानं सांगायची गरज नाही!" दादा मात्र खुर्चीत शांत बसून होता. त्याला अशा आवाजांची सवय. शेवटी सुहासनं बॅटरीची तार उपटली तेव्हा कुठे सामसूम झाली. समोरच्या घरातून विचारणा आली, की लघाट्यांनी पिठाची गिरणी घातली की काय.

अडतीस वर्षांची अक्कल गुंडाळून ठेवून सुहासनं रिले सुलटा केला, आणि सगळ्यालाच बॅटरी जोडली. आता लाइट गेली तर काही नाही, दार उघडलं तरच भोंगा. छान! पण दुसऱ्या दिवशी दूधवाला आला. जयूनं दार उघडलं, भोंगा सुरू. तिनं बटण दाबलं, गप्प झाला. बोट उचललं, परत सुरू! दार उघडंच होतं ना. एका हातात पातेलं, एक बोट बटणावर, अशी ती उभी, आणि दूधवाला पलीकडून ओरडतोय, "भाभीजी, आधा कि एक?"

"एक तर दूध बंद करा, नाहीतर हे बंद करा," जयू आत येऊन म्हणाली.

तेव्हा सुहासला ती झकास कल्पना सुचली. स्टेशन मास्तरच्या टेबलासमोर जे पॅनेल असतं, त्यावर काय होतं? कुठे काही बिघाड झाला की बझर वाजतो. मास्तर बटण दाबतो, म्हणजे "कळलं बाबा, कळलं." बझर तिथल्या तिथे गप्प होतो, पण लाल दिवा बिघाड निघेपर्यंत जळत राहतो. वर्षानुवर्षं कसाला उतरलेली पद्धत! सुहासनं तिसरा रिले जोडला. आता एकदा बटण दाबलं की दार उघडं असलं तरी भोंगा गप्प, आणि दार लागेपर्यंत लाल दिवा चालू. बटण त्यानं मोठं, लाल, टोपीवालं आणलं आणि दाराच्या उजव्या हाताला, छातीइतक्या उंचीवर बसवलं. खाली पट्टीवर सुंदर अक्षरात "बझर बंद" असं सुद्धा लिहिलं. मग हर्षलला व्हिडिओ कॉल करून सगळं फिरवून दाखवलं. "अगदी स्टेशनच्या पॅनेलसारखं केलंय," असं तीनदा सांगितलं.

त्यात काय घोळ आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सुहासला कळलं नाही.

चार दिवस निर्वेध गेले, कारण साडेसाताला सुहास स्वतःच दारापाशी पेपर घेऊन बसायचा. पाचव्या दिवशी सकाळी सुहास तोंडाला फेस लावून दाढी करत होता, जयू कुकरला झाकण लावत होती. भोंगा "पीं" करून वाजला आणि लगेच गप्प झाला. जयूनं दूध घेतलं असणार, असं सुहासला वाटलं. ह्यांनी पेपर घेतला असणार, असं जयूला वाटलं. दहा मिनिटांनी तिनं हाक मारली, "अहो, दूध कुठे ठेवलंत?"

"मी कुठे घेतलं? तू घेतलंस ना!"

दोघं बाहेर धावले. दार सताड उघडं. व्हरांड्याचा दिवा भर उन्हात जळतोय, भिंतीवर लाल दिवा लागलेला, आणि दादाची खुर्ची रिकामी.

सुहास त्या लाल बटणाकडे बघतच राहिला. सदतीस वर्षं बझर वाजला की दादाचा उजवा हात छातीइतक्या उंचीवर जायचा. दादाला वार आठवत नव्हता, पण हाताला सगळं आठवत होतं. भोंगा वाजल्याबरोबर त्यानं तो शिस्तीत बंद केला, आणि शांतपणे ड्युटीवर गेला. "स्टेशन मास्तरला अडवायला मी स्टेशनचं पॅनेल लावलं गं," सुहास कपाळावर हात मारून म्हणाला. "मांजराला अडवायला दारात दुधाची वाटी ठेवावी, तसली माझी अक्कल!"

"अक्कल नंतर काढा, आधी स्कूटर काढा," जयू म्हणाली.

तसाच, अर्ध्या तोंडाला फेस असलेला, तो निघाला. फ्रीगंज बघितलं, टॉवरचा चौक बघितला, प्रत्येक पांढऱ्या डोक्यावर त्याची नजर पडत होती. ट्रकाखाली आला असला तर? रुळांवर उतरला असला तर? हर्षलला काय तोंड दाखवू, हा विचारही त्याला आला नाही. फक्त दादा हवा होता.

दादा रेल्वेच्या ओव्हरब्रिजवर सापडला. कठड्याला धरून खालचे रूळ बघत उभा होता. चपला उलट्यासुलट्या पायांत, पण शर्ट नीट खोचलेला. सुहासनं स्कूटर टाकली आणि धावत जाऊन त्याचा दंड धरला. दादानं वळून बघितलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"तू इथे कसा? शाळा नाही का आज?"

"सुट्टी आहे," पासष्ट वर्षांचा सुहास म्हणाला.

"मग रुळांजवळ फिरू नकोस," दादा म्हणाला, आणि त्याच्या गालावरचा फेस अंगठ्यानं पुसला.

घरी आल्यावर जयूनं विचारलं, "हर्षलला सांगायचं का?" न सांगता भागलं असतं. सुहासच्या मनात तसं आलंही. पण त्यानं फोन लावला. "हर्षल, भोंगा वाजला रे, पण तुझ्या बाबांनी तो नियमाप्रमाणे बंद केला आणि निघून गेले. सापडले, सुखरूप आहेत. सगळी चूक माझी."

हर्षल आधी हसला. "मी शनिवारी येतो, काका," तो मग म्हणाला. "परतीची दोन तिकिटं काढतो."

त्या दुपारी सुहासला जेवण गेलं नाही. रिले नको, भोंगा नको, सगळं भंगारात द्यावं असं त्याला वाटलं. चौदाव्या मजल्यावर दार बडवणारा दादा त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. दादा समोर बसून वरणभात जेवत होता. सुहासनं सहज, आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "दादा, बझर वाजला, तू बटण दाबलंस. त्याच्यापुढे काय करायचं असतं?"

दादाचा घास थांबला. पाठ ताठ झाली. "सिग्नलवाल्याला फोन करायचा," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "आणि तो येईपर्यंत जागा सोडायची नाही."

"मग तू का सोडलीस?"

"फोन कुठे आहे इथे?" दादा चिडून म्हणाला. "बटण लावून ठेवलंय, दिवा लावून ठेवलाय, फोनच नाही! कुठल्या गाढवानं केलंय हे काम?"

"आहे एक," सुहास म्हणाला, आणि भरल्या ताटावरून उठला.

लँडलाइन बंद झाल्यापासून दोन काळे फोन माळ्यावर पडून होते. ते त्यानं काढले, पुसले, बॅटरी आणि एक साधी घंटी मध्ये घालून एकमेकांना जोडले. एक लाल बटणाच्या बाजूला भिंतीवर, दुसरा स्वतःच्या खोलीत पलंगाशी. दाराजवळच्या फोनवर पट्टी चिकटवली, "सिग्नल". जयूनं या वेळी साखर ठेवली नाही. ती म्हणाली, "चाललं तर शिरा करीन."

बुधवारी फोन वाजला नाही. दादा त्या दिवशी उठलाच उशिरा. गुरुवारी भोंगा वाजला, गप्प झाला, आणि खोलीतला फोन खणखणला. सुहास पडता पडता धावला. दादा दारात उभा होता, उंबऱ्याच्या आत, ड्युटीवरच्या माणसासारखा. दोघं मिळून ओव्हरब्रिजपर्यंत फिरून आले. शुक्रवारी तसंच. पण दोन दिवस म्हणजे काही नाही, हे सुहासला ठाऊक होतं. दहा वेळा चालून अकराव्या वेळी न चालणाऱ्या वस्तू त्यानं जन्मभर दुरुस्त केल्या होत्या.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं हर्षल आला. त्यानं बॅग उघडलीच नाही. साडेसाताला तिघं सुहासच्या खोलीत दार लोटून बसले. भोंगा वाजला. गप्प झाला. हर्षल उठायला लागला, तेव्हा जयूनं त्याचा हात धरून खाली बसवलं. फोन मात्र वाजेना. बाहेरून काहीच ऐकू येईना. सुहासनं स्कूटरची किल्ली उचलली. गेला वाटतं!

फोन खणखणला. सुहासनं उचलला. दादाचा आवाज इतका मोठा होता, की समोर बसलेल्या दोघांनाही सगळं ऐकू येत होतं.

"सिग्नल? मी मास्तर बोलतोय. दार उघडं आहे, लाल दिवा लागलाय. येऊन जा."

"येतो, साहेब."

"आणि ऐका," दादा म्हणाला. मग जरा घुटमळला. "माझं एक खाजगी काम होतं तुमच्याकडे. सांगायला संकोच वाटतो."

"सांगा ना."

"माझा धाकटा भाऊ आहे, सुहास. आयटीआय झालाय. वडील नाहीत आम्हाला. तुमच्या खात्यात भरती निघालीय असं ऐकलं. तुमच्या साहेबांच्या कानावर घालाल का? मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. पण त्याच्यासाठी मागतोय."

मी रेल्वेत लागलो तो कुणाच्या वशिल्यानं नाही, स्वतःच्या हातांच्या जोरावर, असं सुहास अडतीस वर्षं छाती ठोकून सांगत आला होता. दादाला सुद्धा सांगत आला होता, कितीतरी वेळा, आणि दादा नुसता मान हलवत ऐकून घ्यायचा.

"मुलगा कसा आहे?" त्यानं विचारलं.

"अभ्यासात बेताचा," दादा म्हणाला. "पण हात फार चांगला आहे हो त्याचा. आणि कुणी सांगितलंय हे मात्र त्याला कळू देऊ नका. स्वतःच्या हिमतीवर लागलो, असं वाटू दे त्याला."

जयूनं पदर तोंडाला लावला. हर्षल खाली मान घालून बसला होता. त्यानं मोबाइल काढला आणि डोळे पुसत पुसत तिकिटं रद्द करायला लागला, पण त्याला नीट दिसत नव्हतं.

"नाही कळणार, साहेब," सुहास म्हणाला.

"मग या लवकर," दादा म्हणाला. "मी थांबलोय इथे."